वाचकांचे प्रश्न : कॅम्परव्हॅनचा मुक्काम

प्रश्न : आई-वडील आणि मुलीसह जर्मनीच्या खेड्यांतून कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरायचे आहे. रात्री गाडी कोठेही उभी करता येते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : जेथे गाडी उभी करण्यास मनाई नाही, अशा सार्वजनिक जागी थकवा घालवण्यापुरते एक रात्र गाडीत झोपण्यास जर्मनीत हरकत नसते, परंतु बाहेर खुर्च्या मांडल्या किंवा चूल पेटवली, की ते तळ ठोकणे ठरते आणि ते चालत नाही. वडीलधारी माणसे सोबत असल्याने अधिकृत तळावरच थांबावे, असे मला मनापासून वाटते, कारण तेथे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय मिळते. तिकडे मोटारीच्या परवान्यावर माणसे व सामान धरून ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही घ्यावा. ज्वारीचे पीठ न्यावे. तूप आणि पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे.