वाचक विचारतात : ग्रँड ट्रंक रोड

प्रश्न : ग्रँड ट्रंक रोड शेरशहा सूरने बांधला असं शाळेत शिकलो. पण त्याची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. तेवढ्यात बंगालपासून सिंधूपर्यंत रस्ता झाला कसा?

उत्तर : तो नव्याने बांधला गेलाच नाही. उत्तरापथाची, म्हणजे उत्तर भारतातल्या प्राचीन व्यापारी मार्गाची, वाट मौर्यांच्या आधीपासून वाहती होती आणि पाटलीपुत्राला जाणाऱ्या राजमार्गाची नोंद मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस यानेही केली आहे. शेरशहाने (१५४०–४५) त्या वाटेवर सोयी उभ्या केल्या : दर दोन कोसांवर सराई, हिंदू-मुसलमानांची वेगळी व्यवस्था, विहीर, सावलीची झाडं आणि डाकेसाठी दोन घोडे. १,७०० सरायांचा आकडा इतिहासकार अब्बास खान सरवानीने अकबराच्या काळात लिहिला. तो शेरशहाच्या सगळ्या रस्त्यांचा मिळून आहे, एकट्या या रस्त्याच्या नावावर खपवू नये. आग्रा ते लाहोर कोसमिनार (दर कोसाला अंतर दाखवणारे खांब) उभारण्याचा हुकूम जहांगीरचा, १६१९चा. कोलकाता-दिल्ली पक्की सडक इंग्रजांनी १८३०च्या दशकात हाती घेतली. १८४९ला पंजाब ताब्यात आल्यावर ती पुढे पेशावरपर्यंत नेली.

प्रश्न : गंगेच्या खोऱ्यात दगड मिळत नाही. मग खडीची सडक कशाची केली?

उत्तर : कंकराची. गाळाच्या मातीत चुनखडीचे गाठाळ खडे सापडतात. ते खणून, मातीपासून वेगळे करून पसरायचे, भरपूर पाणी मारायचं आणि धुम्मसाने ठोकत राहायचं. ठोकताना खड्यांचा जो भुगा होतो तोच ओला होऊन गारा बनतो आणि वाळल्यावर थर बांधून धरतो. पाणी कमी पडलं की हा बांध धरतच नाही, खडी सुटी राहते. कंकराला माती चिकटून आली तर पहिल्याच पावसात चिखल. नीट केलेली सडकही शेवटी मऊच. लोखंडी धाव चढवलेली बैलगाडीची चाकं तिच्यात चाकोऱ्या पाडत, त्यांत पाणी साचे आणि उन्हाळ्यात पांढरी धूळ उडे. आपल्या काळ्या बसाल्टच्या खडीची सवय असलेल्याला हे नाजूक प्रकरण वाटेल.

प्रश्न : १४ जानेवारीला दिल्लीहून पानिपतला जाणार आहोत. जुना रस्ता कुठे दिसेल?

उत्तर : राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणजे जुना रस्ता, असं धरून चालू नका. (२०१०पूर्वीच्या पुस्तकांत हा तुकडा महामार्ग १ म्हणून सापडेल, आग्र्याच्या पुढचा कोलकात्याकडचा २ आता १९ झाला आहे.) रुंदीकरणात आणि वळणरस्त्यांत सडक इकडेतिकडे सरकली, कोसमिनार मात्र जागचे हलले नाहीत. म्हणून कोसमिनार शोधा. खाली अष्टकोनी चौथरा, वर निमुळता होत जाणारा गोल खांब, लहान विटा आणि चुना, उंची साधारण ३० फूट. आतून भरीव असल्याने जिना नाही. चढायची वाट शोधण्यात वेळ घालवू नका. दोन मिनारांमधलं अंतर ३.२ किमी असल्याचं बरेच ठिकाणी छापलेलं असतं. मुघल कोस त्याहून मोठा होता, म्हणून ४ किमीच्या थोडं पुढेमागे पाहा, नाहीतर चुकीच्या शेतात उभे राहाल. पहिला मिनार दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे.

पानिपतमध्ये उड्डाणमार्गावर चढलात तर शहर खालून निघून जाईल. गाडी खालच्या रस्त्यानेच ठेवा. पुढे कर्नालच्या अलीकडे घरौंडा येथे मुघल सराईचे दोन दरवाजे उभे आहेत. तेही पाहा, कारण रस्त्याची रुंदी आणि काफिल्याचा आवाका तिथे डोळ्यांना कळतो.

आणि काला आंबकडे, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या स्मारकाकडे, जाताना नकाशावर एक गोष्ट ताडून पाहा. ऑक्टोबर १७६०मध्ये भाऊसाहेबांनी उत्तरेला कुंजपुरा घेतलं. त्याच महिन्यात अब्दाली दक्षिणेला बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दक्षिणेशी जोडणारा हा रस्ता त्याच्या हाती गेला आणि पुढचे अडीच महिने छावणीची रसद आटत गेली. लढाईआधीची उपासमार या रस्त्याच्या नकाशावरच समजते.

त्या दिवसांत या पट्ट्यात सकाळी दाट धुकं असतं. पहाटे निघायचा बेत करू नका. दहानंतर, धुकं विरल्यावरच दिल्ली सोडा.