वादळ हुकलेल्या दिवसाबद्दल

प्रिय मुली,

दुपारी शॅमरॉक, संध्याकाळी चिल्ड्रेस आणि अंधार पडल्यावर पुन्हा उत्तरेला कॅनेडियन गाव, अशी टेक्ससमधल्या महामार्ग ८३ वर दिवसभर वादळाच्या मागावर गाडी पळवूनही तुला वीजसुद्धा चमकताना दिसली नाही, आणि आता तू विचारतेस की अंदाज चुकला की नशीब. माझा प्रश्न वेगळाच आहे: निघण्यापूर्वी तू स्वतःचा अंदाज वहीत लिहिला होतास का?

मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातावरून त्या मैदानांत दमट हवा येते आणि मेक्सिकोच्या पठारावरची उष्ण, कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी पसरते. ते झाकण फार घट्ट असले, की ड्रायलाइनवर, म्हणजे दमट आणि कोरडी हवा जिथे भिडते त्या रेषेवर, ढगांचे मनोरे उठतात आणि तासाभरात विरून जातात. ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा, नकाशा मोठ्या प्रदेशातली शक्यता सांगतो, तू उभी असलेल्या चौकातली नव्हे. २० मे २०१९ रोजी त्यांनी सर्वांत वरच्या श्रेणीचा इशारा दिला, ओक्लाहोमात शाळा बंद राहिल्या, आणि घडले ते भाकिताच्या मानाने बरेच कमी.

म्हणून हवेचे थर मोजायला सकाळी सोडलेल्या बलूनची नोंद पाहा आणि वादळ कुठे, केव्हा व कशामुळे उठेल ते लिही. त्यातले 'कशामुळे' खोटे ठरले, तरच जागा सोड. रडारच्या पडद्यावर वादळामागे निघालेल्या इतरांच्या गाड्यांचे ठिपके दक्षिणेला सरकले, हे कारण नव्हे. लिहिलेच नसेल, तर नेमके काय चुकले हे तुला कोण सांगणार?

मी शॅमरॉकच्या पेट्रोल पंपावर सूर्यास्तापर्यंत बसून राहिलो आणि कॅन्ससमध्ये उठलेले देखणे वादळ मित्रांच्या फोटोंत पाहिले, असेही झाले आहे. त्याची हळहळ अजून जात नाही. मित्र मला हट्टी म्हणतात, तेही मी ऐकून घेतो. पण आमच्याकडचा दमट थर दुपारच्या वाऱ्यात विरळ होत गेला, हे मला वहीवरून उमगले, आणि त्यांचे वादळ का उठले हे फोटोवाल्यांपैकी एकालाही धड सांगता आले नाही. तेव्हा हट्ट तर हट्ट; वहीत लिहूनच निघायचे.

अंधारात कॅनेडियनकडे गेलीस, याचा मात्र मला राग आला आहे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ चार किलोमीटरहून अधिक रुंद झालेल्या टोर्नेडोने टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा जीव घेतला. ती वादळांचा पाठलाग करण्यात मुरलेली माणसे होती, आणि तेव्हा दिवस मावळलाही नव्हता. पुढच्या वेळी निघण्याआधी वहीचे पान मला पाठव, आणि त्यावर परत फिरण्याची वेळही लिही. पान आले नाही, तर संध्याकाळी तक्रारीचा फोन करू नकोस.