पंख्याचा आवाज येतो, पण ओव्हन तापत नाही

प्रश्न : आमचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह सहा वर्षांचा आहे. पाणी, दूध पहिल्यासारखंच तापतं. पण कन्व्हेक्शनवर १८० अंश लावून प्रीहीट केला, तर अर्धा तास झाला तरी बीप येत नाही. परवा केक मधोमध कच्चा राहिला. पंख्याचा आवाज येतो, दिवा लागतो, थाळी फिरते. मध्यंतरी सुरू केल्यावर थोडा वेळ मागून किरकिर ऐकू यायची आणि ओव्हन मध्येच गार पडायचा. तासाभराने पुन्हा लावला की चालायचा. आता किरकिर नाही आणि तापणंही नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच ‘बोर्ड गेला’ असं सांगितलं. मुलगा म्हणतो, आपणच उघडून पाहू. काय करावं?

उत्तर : आधी मुलाला थांबवा. आत एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, असतो. मायक्रोवेव्ह चालू असताना त्यावर दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भार त्यात टिकून राहू शकतो. दुरुस्ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते: कपॅसिटर रिकामा करून खात्री केल्याशिवाय आत बोटसुद्धा घालायचं नाही. ज्याला ते करता येत नाही, त्याने झाकणाच्या स्क्रूला हात लावू नये. बाहेरून पाहण्यासारखं मात्र पुष्कळ आहे आणि ते तुम्हीच करायचं आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ती किरकिर.

या एका डब्यात दोन वेगळी यंत्रं आहेत. मायक्रोवेव्ह लहरी तयार करायचं काम मॅग्नेट्रॉन करतो. कन्व्हेक्शनसाठी बहुतेक मॉडेलमध्ये मागच्या भिंतीपलीकडे गोल हीटर आणि त्याच्या मधोमध एक पंखा असतो. पंखा आतली हवा ओढून हीटरवरून फिरवतो आणि गरम करून जाळीतून परत सोडतो. दूध तापतं, म्हणजे मॅग्नेट्रॉन, ट्रान्सफॉर्मर, दाराचे स्विच यांच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. बिघाड दुसऱ्या यंत्रात शोधायचा.

आता आवाजाबद्दल. मॅग्नेट्रॉन आणि बोर्ड थंड ठेवायला आणखी एक पंखा असतो आणि तो बहुतेक मॉडेलमध्ये कन्व्हेक्शनच्या वेळीही चालतो. तुम्हाला ऐकू येतो तो बहुधा हाच. कन्व्हेक्शनचा पंखा फिरतोय याचा तो पुरावा नाही. कन्व्हेक्शनच्या पंख्याची मोटर सतत गरम जागेजवळ बसलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिच्या बेअरिंगमधलं वंगण सुकतं, मग ती कुरकुरते, मंद होते आणि एक दिवस अडकते. मोटर मंदावली की हीटरची उष्णता ओव्हनच्या आत जाण्याऐवजी मागच्या कप्प्यातच कोंडते. तिथे एक थर्मल कटआउट असतो. ठरलेल्या तापमानापुढे गेला की तो हीटरची वीज तोडतो. काही कटआउट गार झाल्यावर आपोआप पुन्हा जोडले जातात. तुमचा ओव्हन मध्येच गार पडून तासाभराने परत चालायचा, ते या वर्णनात चपखल बसतं. असं वारंवार तुटून-जुळून कटआउटचे संपर्कबिंदू जळतात आणि शेवटी तो कायमचा उघडा राहतो. किरकिर थांबली ती मोटर सुधारली म्हणून नव्हे, बहुधा ती पुरती अडकली म्हणून.

माझा अंदाज असा: मोटर आधी गेली, कटआउट तिच्यामुळे गेला. दोन्ही भाग बोर्डापेक्षा खूपच कमी खर्चाचे असतात. म्हणूनच न उघडता ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

अंदाज पडताळायची एक सोपी परीक्षा आहे. घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करा आणि विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. मीटरवर ३२०० इंपल्स प्रति युनिट लिहिलं असेल आणि १५०० वॉटचा हीटर खरोखर चालू असेल, तर दिवा सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा लुकलुकेल. हीटर बंद असून फक्त दिवा, थाळी आणि पंखा यांचे शंभरेक वॉट जात असतील, तर दोन लुकलुकींमध्ये दहा-अकरा सेकंद जातील. हे प्रीहीट सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच करा, कारण पुढे तापमान सांभाळायला हीटर चालू-बंद होत राहतो. (आकडा वेगळा असेल तरी फरक इतका ठळक असतो की चूक होत नाही.)

दिवा झपझप लुकलुकला आणि दार उघडल्यावर आतून कडक झळ आली, तरीही बीप येत नसेल, तर माझा अंदाज सोडून द्या आणि तापमानाच्या सेन्सरकडे वळा. तो थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो. तो चुकीचं सांगू लागला की बोर्डाला वाटतं ओव्हन अजून गारच आहे. आणि झळ फक्त मागच्या बाजूला असेल, पुढे कोमट, तर पुन्हा पंख्याची मोटरच.

कारागीर झाकण उघडेल तेव्हा त्याच्याजवळ उभं राहून हे मोजायला लावा. पहिल्यांदा पंखा बोटाने फिरतो का. मग एक वायर सुटी करून हीटरचा रोध: २३० व्होल्टच्या १५०० वॉट हीटरला साधारण ३५ ओहम, १२०० वॉटला ४४ च्या आसपास. कारागिराचा मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. कटआउट गार असताना जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा. हे सगळं ठीक असूनही सुरू केल्यावर हीटरला वीज पोचत नसेल, तेव्हाच बोर्डावर जायचं, आणि तिथेही आधी हीटरचा रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याचे सोल्डरचे जोड पाहायचे. जोड सैल झाला असेल तर डाग देऊन काम होतं, रिले एकटाही बदलता येतो. पूर्ण बोर्ड सर्वांत शेवटी.

एक गोष्ट मात्र कोणाला करू देऊ नका. काही जण कटआउट काढून दोन वायरी थेट जोडतात, ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणतात. ओव्हन लगेच तापायला लागतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण पंखा अडकलेला असताना हीटरला थांबवणारं तिथे काहीच उरत नाही. मागची वायरिंग वितळू शकते, आग लागू शकते. कटआउट त्याच तापमानाचाच बसवायला सांगा (आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो) आणि मोटर न पाहता नुसता कटआउट बदलून ओव्हन परत घेऊ नका. तो पुन्हा जाईल.

नवा हीटर बसवावाच लागला, तर पहिल्यांदा वापरताना थोडा धूर आणि वास येईल. खिडकी उघडून २०० अंशांवर वीसेक मिनिटं रिकामा चालवा, मग केक ठेवा.

प्रश्न : मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नये असं तुम्ही नेहमी सांगता. मग प्रीहीट रिकाम्या ओव्हनमध्ये कसं चालतं?

उत्तर : शुद्ध कन्व्हेक्शनमध्ये मॅग्नेट्रॉन बंद असतो, फक्त गरम हवा फिरते. म्हणून रिकाम्याला धोका नाही आणि केकचं धातूचं भांडंही चालतं. मायक्रोवेव्हवर मात्र आत लहरी शोषणारं काही नसेल, तर त्या परतून मॅग्नेट्रॉनवरच येतात आणि तो तापून खराब होऊ शकतो. कॉम्बिनेशनमध्ये मॅग्नेट्रॉनही चालू असतो, तेव्हा तिथे रिकामा प्रीहीट करू नका आणि धातूबद्दल तुमच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते पाहूनच भांडं ठेवा. पडद्यावर फक्त अंश दिसत असतील तर कन्व्हेक्शन. वॉट किंवा टक्के दिसले, तर ‘स्टार्ट’ दाबण्याआधी थांबा आणि मोड बदला.