टीव्हीवर परदेशातून बातम्या देणारा वार्ताहर व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात बहुतेक वेळा परदेशातून होत नाही, न्यूजरूममधल्या डेस्कवरून होते. पुढे युद्धवार्ताहर म्हणून गाजलेल्या क्रिस्तियान अमनपूर १९८३ मध्ये सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या अटलांटा कार्यालयात साध्या डेस्क सहायक म्हणून लागल्या. आखाती युद्ध आणि बोस्नियाच्या वार्तांकनाने त्यांचं नाव झालं, ते नंतर. ब्रिटिश वार्ताहर केट एडी यांनीही आधी बीबीसीच्या स्थानिक रेडिओत काम केलं. १९८९ मध्ये त्या बीजिंगच्या तियानमेन चौकातून बातम्या देत होत्या.

पदवी कुठली, यावर फार डोकं लावू नका. एखाद्या प्रदेशाची भाषा बोलण्याइतकी यायला हवी आणि तिथला इतिहास वाचलेला हवा. तरीही खरा आधार म्हणजे फिक्सर, म्हणजे गाडी, दुभाषी, परवानगी, ओळखी सगळं जमवणारा स्थानिक माणूस. नाव पडद्यावर तुमचं येतं, धोका मात्र तो मागे राहूनही भोगतो.

कॅमेऱ्यासमोरची एक गंमत सांगतो. थेट प्रक्षेपण ज्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहामार्फत जातं, तो सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. त्यामुळे अँकरचा प्रश्न कानात पोचायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत जायला तेवढाच. तेवढ्या वेळात चेहरा कोरा ठेवला की माणूस गोंधळलेला दिसतो! म्हणून वार्ताहर उगीच मान हलवत उभे असतात.

हल्ली वाहिन्यांचे कायमस्वरूपी परदेशी ब्युरो, म्हणजे तिथली कार्यालयं, कमी झालेत. त्यामुळे स्वतः शूट आणि एडिट करता येत नसेल, तर आधी ते शिकून घ्या.