अलाबामा की बॉस्टन? हिंदू कुटुंबाने अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं टाळावीत का?

तुम्ही लिहिलंय की हंट्सव्हिल, अलाबामा आणि बॉस्टनजवळ अशा दोन नोकऱ्या हातात आहेत, मुलगी पाच वर्षांची आहे, आणि नातेवाईक सांगताहेत की दक्षिणेत धर्मावरून त्रास होतो, ती राज्यं टाळा. हे 'टाळा' वाचलं आणि लिहायला बसले. माझे धाकटे दीर एडिसनला, न्यू जर्सीत असतात. २००८ मध्ये आम्ही मिरजेहून थेट टेनेसीतल्या मर्फ्रीसबरोला आलो, तेव्हा फोनवर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, त्या बायबल बेल्टमध्ये कुठे जाऊन पडलात? पोरीला बाटवतील तिथे." बायबल बेल्ट म्हणजे दक्षिणेतला कट्टर चर्चवाल्यांचा पट्टा. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या बाई दारात उभ्या. साठीच्या, केस नीट बसवलेले, हातात फॉइल लावलेली काचेची डिश. बटाटा आणि चीजचं कॅसरोल होतं. डिशच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने त्यांचं आडनाव, म्हणजे भांडं कुणाकडे परत द्यायचं ते कळावं. नाव झालं, गाव झालं, आणि तिसरा प्रश्न आला, "तुमचं चर्च कोणतं?"

मी म्हटलं, आम्ही हिंदू. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचं देऊळ कुठे असतं?" नॅशव्हिलला, बेलव्ह्यू भागात गणपतीचं देऊळ आहे, मी सांगितलं. "इतक्या लांब? दर रविवारी?" आमच्यात दर रविवारी जावंच लागतं असं नसतं, हे मला धड समजावून सांगता आलं नाही. भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत, म्हणून मी त्यात शिरा घालून दिला. मग त्यांच्याकडून पाउंड केक आला. ती डिश या दारातून त्या दारात पाच वर्षं फिरत राहिली.

'चर्च कोणतं' या प्रश्नाला आपली माणसं फार घाबरतात. आपल्याकडे 'कुठले कुलकर्णी?' विचारतात, तसाच तो प्रश्न आहे. तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवायला विचारतात. आणि खरं सांगायचं तर आपल्या 'कुठले' मध्ये जात काढायचा जो हेतू असतो, त्यापेक्षा त्यांचा प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटतो. माझा जन्मच मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये ते उभं केलं. आमच्या गावात चर्चवाल्यांना कुणी भीत नसे, त्यामुळे मीही भ्यायले नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात त्याच बाईंनी लेकीला व्हेकेशन बायबल स्कूलला, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या शिबिराला, बोलावलं. पाच दिवस, सकाळी नऊ ते बारा, फुकट. गाणी, चित्रं, खाऊ. आमची गाडी एकच, मला नोकरीची परवानगी नाही, जवळ मैत्रीण नाही, आणि सहा वर्षांची पोर घरात कंटाळून रडकुंडीला आलेली. नवरा म्हणाला, जाऊ दे. भाऊजी फोनवर तासभर ओरडले. मी पाठवलं.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी ती आइस्क्रीमच्या काड्यांचा जांभळा रंगवलेला क्रूस घेऊन आली, जेवली, आणि रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, "आई, मिरजेची आजी आगीत जाणार का?" कुणीतरी सांगितलं होतं की ज्यांनी येशूला मनात घेतलं नाही ते आगीत जातात. माझ्या सासूबाई तेव्हा आजारी होत्या. पोर माझा हात घट्ट धरून पडली होती. मी रात्रभर झोपले नाही.

सकाळी समोर गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, "इतक्या लहान मुलीला तसं सांगायला नको होतं, मी त्या शिक्षिकेशी बोलते. पण तुम्ही मला विचाराल, तर हो, मी तसंच मानते." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला आवडता, म्हणूनच तर मला त्याची काळजी वाटते." मी म्हटलं, तुमचं मानणं तुमच्यापाशी, माझ्या मुलीला हे पुन्हा कुणी सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. पुढच्या चार वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यात आधी दारात त्याच होत्या, तीच डिश घेऊन.

समोरचा मनात काय मानतो ते मला तिथे कळत होतं, नको ते तोंडावर नको म्हणता येत होतं, आणि त्याने संबंध तुटला नाही. भाऊजींना मी हे अनेकदा सांगितलं. त्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं, "आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आल्या त्या जर्सीतच, रोसेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. आपल्याला पहिल्यांदा घरात घेतलं ते जर्सीने." खरं आहे. पण १९८७ मध्ये त्याच जर्सीत, जर्सी सिटीत, 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना हाकलून लावू असं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं. नाव आपल्या बायकांच्या टिकलीवरून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण करून ठार केलं. तो पारशी, कपाळावर टिकली असायचा प्रश्नच नव्हता. हे टेनेसीत नाही घडलं.

आता माझ्या बाजूचं जे मी भाऊजींना कधी सांगितलं नाही, ते.

२०१० मध्ये मर्फ्रीसबरोतल्या मुस्लिमांनी गावाबाहेर नवी मशीद बांधायला घेतली. ही कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहत होती. जुलैमध्ये कोर्टासमोर मोठा मोर्चा निघाला, विरोधात आणि बाजूने दोन्ही. ऑगस्टमध्ये बांधकामाच्या जागेवरची यंत्रं पेटवून दिली. खटल्यात तर विरोधकांच्या वकिलाने युक्तिवाद केला की इस्लाम हा धर्मच नाही, आणि तो धर्म आहे हे कोर्टाला सांगायला वॉशिंग्टनच्या न्याय खात्याला निवेदन द्यावं लागलं. त्याच दिवसांत एका सकाळी टपालपेटीपाशी समोरच्या बाई भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यातले नाही ना?"

मी म्हटलं, "नाही नाही, आम्ही हिंदू." आणि मला हायसं वाटलं.

त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून आहे. मिरजेत मीरासाहेबांचा उरूस आमच्या घरचा सण असल्यासारखा होता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्रभर गाणं चालतं, तिथे वडिलांच्या मांडीवर मी झोपलेली आहे. आमच्याकडची तंबोरे-सतार करणारी घरं मुसलमानांची. आणि आदल्याच वर्षी, २००९ च्या गणपतीत, त्याच मिरजेत दंगल झाली होती, आई फोनवर रडत होती. एवढं सगळं गाठीशी असताना तिथे टपालपेटीपाशी मला एक वाक्य बोलता आलं असतं. बोलले नाही. मशीद २०१२ च्या ऑगस्टमध्ये उघडली. बाईंशी त्यावर कधीच बोलणं झालं नाही. मला मिळालेलं प्रेम खरं होतं, पण ते कोणाकोणाच्या वाट्याला येत नव्हतं, तेही मी डोळ्यांनी पाहिलं.

२०१३ मध्ये आम्ही मध्य जर्सीत आलो. इथे आजतागायत कुणी मला धर्म विचारलेला नाही. पलीकडच्या घरातल्या माणसाचं नाव कळायला तीन वर्षं लागली. भाऊजी याला सहिष्णुता म्हणतात. जवळच्या बर्नार्ड्‌स टाउनशिपमध्ये मशिदीचा अर्ज आला, तेव्हा प्लॅनिंग बोर्डाच्या ३९ सुनावण्या झाल्या. आगीचा आणि नरकाचा कुणी उल्लेख केला नाही. चर्चा पार्किंगवर अडली, इतर प्रार्थनास्थळांपेक्षा जास्त जागा मागितल्या, आणि २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. न्याय खात्याने खटला भरला आणि २०१७ मध्ये टाउनशिपला साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. टेनेसीत लोक तोंडावर म्हणाले, तुमचा धर्म धर्म नाही. जर्सीत म्हणाले, गाड्या कुठे लावणार? मला पहिल्याशी भांडता येतं. दुसऱ्याशी भांडायला वकील लागतो.

तर तुमचा प्रश्न. प्यू या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत अलाबामात ७७ टक्के लोक खूप धार्मिक निघाले, मॅसॅच्युसेट्समध्ये ३३. यावरून तुम्हाला 'चर्च कोणतं' किती जण विचारतील एवढं कळतं. ते तुमच्याशी कसे वागतील, हे त्यात नाही. हंट्सव्हिलला नासाचं केंद्र आहे, देशभरातून आलेले इंजिनीअर आहेत, तुम्ही तिथे पहिले भारतीय नसाल. सरकारी शाळेत शिक्षक वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेऊ शकत नाही, तो सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६२ चाच आहे. पण शाळा सुटल्यावरचे क्लब चर्चचे असू शकतात, तेव्हा दप्तरातून आलेला प्रत्येक कागद वाचून मगच सही करा. बुधवारी संध्याकाळी मुलीची मैत्रीण खेळायला येणार नाही, चर्चला जाईल, राग मानू नका. आणि 'नाही' पहिल्याच वेळी, हसून, कारण न देता म्हणा. लाजत म्हटलेलं 'बघू' ते लोक 'हो' धरतात.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. आम्ही हिंदू, नवरा इंजिनीअर, घर चांगल्या वस्तीत. हिजाब घालणाऱ्या बाईने किंवा पगडी घालणाऱ्या शीख माणसाने हेच उत्तर लिहिलं असतं तर ते वेगळं झालं असतं. अमेरिकेत शिखांवरचा सगळ्यात मोठा हल्ला, ५ ऑगस्ट २०१२ चा, झाला तो तर उत्तरेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, ओक क्रीकच्या गुरुद्वारात. आणि अलाबामाची बाजू घेते म्हणून लपवत नाही: तिथल्या सरकारी शाळांत १९९३ पासून योगाला बंदी होती. २०२१ मध्ये ती उठली, पण आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची आणि 'नमस्ते' म्हणायचं नाही, या अटीवर. तुमची मुलगी तिथे शाळेत जाईल, हे लक्षात ठेवूनच जा.

पगार आणि काम बघून ठरवा. हंट्सव्हिलला गेलात तर नॅशव्हिल दोन तासांवर आहे, गणपतीत बेलव्ह्यूच्या देवळात नक्की जा. शेजारणीलाही न्या, ती विचारेलच. माझ्या समोरच्या बाई दोनदा आल्या होत्या, दाराशी चपला काढताना माझा खांदा धरून.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. १९८७ चं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.