गावच्या यादीत नाव असताना नाशिकमध्ये मतदार नोंदणी करता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण मूळचे सुरगाणा तालुक्यातील, गेली दोन वर्षे अंबडच्या कारखान्यात नोकरीस आहात आणि सिडकोत भाड्याच्या खोलीत राहता. नाव अजून गावच्या यादीत आहे, घरमालक कोणताही कागद द्यायला तयार नाही, आणि सोबत राहणारा धाकटा भाऊ येत्या मे महिन्यात अठरा वर्षांचा होतो आहे. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक असताना सहा वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे लोक ज्याला बीएलओ म्हणतात, ते काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला नाशिकमध्ये नोंदणी करता येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मधील कलम १९ नुसार अर्हता दिनांकास, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरलेल्या तारखेस, वय १८ पूर्ण असणे आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहत असणे, एवढ्या दोनच अटी आहेत. अर्थात मतदार भारताचा नागरिक असला पाहिजे. ‘सर्वसाधारणपणे राहणे’ म्हणजे काय, हे कलम २० मध्ये पाहावे लागते. केवळ घर किंवा जमीन नावावर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेरगावी गेला म्हणून त्याचे रहिवासीपण संपतही नाही. त्यामुळे गावी आपल्या नावाचा सातबारा आहे की नाही, हा मुद्दा इथे गैरलागू आहे. आपण रोज कोठे राहता, हे पाहिले जाते.

जिल्हा तोच आहे, मग बदल कशाला, असे अनेकजण मला विचारत. सुरगाणा तालुका कळवण विधानसभा मतदारसंघात आणि दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो, तर सिडको नाशिक पश्चिम विधानसभेत आणि नाशिक लोकसभेत येते. महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकांनाही विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडून वापरली जाते, म्हणून नाव इकडे आणल्यावर गावच्या ग्रामपंचायतीचे मतदान आपल्याला सोडावे लागेल. भावकीच्या दृष्टीने ही गोष्ट जड जाते, हे मी जाणतो. तरीही दोन्हीकडे नाव ठेवण्याचा मार्ग कायद्यात नाही : कलम १७ आणि १८ त्याला मनाई करतात, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वांत जास्त चुका अर्जाच्या नमुन्यात होतात. आपण आधीच मतदार असल्यामुळे आपल्यासाठी नमुना ८ आहे. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, नाव-पत्त्यातील दुरुस्ती आणि ओळखपत्र बदलून घेणे या सर्वांसाठी हाच एक नमुना आहे. नमुना ६ हा प्रथमच नाव नोंदवणाऱ्यासाठी असतो. माझ्या पुतणीने लग्नानंतर एका शिबिरात, तिथल्या माणसाच्या सांगण्यावरून, नमुना ८ ऐवजी नमुना ६ भरला. तिच्या हाती दोन वेगवेगळ्या क्रमांकांची दोन ओळखपत्रे आली आणि त्यातले एक नाव वगळण्यासाठी पुढे नमुना ७ भरावा लागला. नमुना ८ मध्ये ओळखपत्राचा जुना क्रमांक कायम राहतो आणि गावच्या यादीतील नोंद त्यावरूनच काढली जाते. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर भरता येतो. बीएलओकडे कागदावर दिला तरी चालतो, मात्र पोच घ्यावी.

आता घरमालकाविषयी. राहण्याच्या पुराव्यासाठी बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, आधार, पाणी, वीज किंवा गॅसचे देयक आणि नोंदणीकृत भाडेकरार चालतात. आपल्या आधारवर गावचा पत्ता असेल तर पगाराच्या खात्याचा पत्ता बँकेत बदलून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. तसे पाहता, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे, नुसती नोटरी पुरत नाही. पण खोली टिकवायची असलेल्या भाडेकरूने हे वाक्य तोंडावर म्हणावे, असा सल्ला मी देणार नाही. यांपैकी कोणताच कागद नसेल तर बीएलओ प्रत्यक्ष येऊन पडताळणी करतो. सिडकोतल्याच एका घरात मालकीणबाईंनी मला ‘इथे भाडेकरू कोणी नाही’ असे ठासून सांगितले होते, आणि उंबऱ्याशी कंपनीतले लोखंडी टोकाचे तीन जोड बूट ओळीने मांडलेले होते. अशा वेळी आम्ही शेजाऱ्यांकडे चौकशी करून नोंद लिहीत असू. म्हणून पहिल्या पाळीला असाल तर संध्याकाळी भेटता येईल, हे बीएलओला आधीच फोन करून सांगावे, म्हणजे बंद दार पाहून शेरा मारला जाणार नाही.

भावासाठी नमुना ६. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असल्याने २ जानेवारीला जन्मलेल्या मुलाला जवळपास वर्षभर थांबावे लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. तो मे महिन्यात अठरा वर्षांचा होतो, म्हणजे १ जुलैची तारीख धरली जाईल. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येत असल्याने त्याने तो आजच भरावा. जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र जोडावे, आणि नावाचे अक्षर न् अक्षर त्याप्रमाणेच लिहावे.

अर्ज आल्यावर त्यांची यादी हरकतींसाठी किमान सात दिवस प्रसिद्ध केली जाते आणि नंतर मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. नाकारला गेल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. निवडणूक तोंडावर असेल तर उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत कोणतेही नाव घालता येत नाही, त्यामुळे प्रचाराचे भोंगे ऐकू येईपर्यंत वाट पाहू नये.

अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला तरी पोर्टलवर आपले नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. ओळखपत्र यायला उशीर झाला तरी हरकत नाही; यादीत नाव असल्यास आधार, पॅन, वाहन परवाना अशा बारा पर्यायी पुराव्यांपैकी एकावर मतदान करता येते. हातात कार्ड आहे पण यादीत नाव नाही, अशा माणसाला मात्र मी केंद्रावरून परत पाठवलेले आहे.