सिंहली येत नसेल तरी कादंबरीवरचा एखादा चांगला सिंहली प्रेमपट पाहता येईल का?

नक्की येईल. 'गंपेरलिया' पाहा. लेस्टर जेम्स पिरीस यांचा १९६३ सालचा कृष्णधवल चित्रपट, मार्टिन विक्रमसिंघे यांच्या १९४४च्या कादंबरीवरून केलेला. मी तो सबटायटल्स लावून पाहिला. दुसऱ्या वेळी बऱ्याच प्रसंगांत ती वाचायचं विसरूनच गेलो, कारण यातली माणसं प्रेमाबद्दल फारसं बोलतच नाहीत.

श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या एका गावातलं तालेवार घराणं. त्यांचं घर म्हणजे 'महागेदर', मोठं घर; आपल्याकडे गावात 'वाडा' म्हटलं की जे समजतं तेच. घरच्या नंदाला इंग्रजी शिकवायला पियल येतो. दोघांचं मन जुळतं, पण पियलचं घराणं कमी दर्जाचं, म्हणून नकार. नंदाचं लग्न होतं जिनदासशी. तो कुळानं बरोबरीचा, पण व्यवहारात कच्चा. पैसा आटतो आणि तो कमवायला दूर निघून जातो. तिकडे पियल कोलंबोत व्यापारात जम बसवतो.

(कथा आधी कळू नये असं वाटत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

जिनदास वारल्याची बातमी येते आणि नंदा पियलशी लग्न करते. मला हा चित्रपट जवळचा वाटतो तो इथून पुढे. हवी ती बायको मिळाली, पैसा आला, तरी पियलच्या मनातला सल जात नाही: हिचा जीव नक्की कुणात आहे? नंदाचं पियलवर प्रेम आहे आणि जिनदासबद्दलची ओढही खरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात असू शकतात, हे पियलला पेलत नाही. पुण्या हीन्देनिय यांनी नंदाची ही घुसमट नुसत्या नजरेतून दाखवली आहे. पियल झालेत हेन्री जयसेन आणि जिनदास गामिनी फोन्सेका.

त्या काळचे बहुतेक सिंहली चित्रपट दक्षिण भारतीय चित्रपटांच्या वळणावर, गाण्यानाचासकट बनत. पिरीस यांनी सगळं चित्रीकरण स्टुडिओबाहेर केलं. त्यामुळे त्या घराचे खांब, ओसरी, दारातून येणारं ऊन यांनाही भूमिका असल्यासारखी वाटते. संगीत अमरदेवांचं आहे. ते लखनौच्या भातखंडे संगीत संस्थेत शिकलेले, त्यामुळे आपल्या कानांना ते परकं वाटणार नाही. १९६५ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'गंपेरलिया'ला सुवर्णमयूर मिळाला होता.

मूळ कादंबरी तीन भागांतली पहिली आहे आणि पुढच्या दोन्हींवरही पिरीस यांनीच चित्रपट केले. पण हा एकटा पाहिलात तरी अपुरं काही वाटत नाही. फक्त फोनवर, कामं करता करता पाहू नका. सुरुवातीची वीसेक मिनिटं संथ वाटतील, तेवढा धीर धरा.

आणि पाहिल्यावर इथेच सांगा, पियलचा तुम्हाला राग आला की कीव. मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा माझं उत्तर वेगळं होतं.